जानेवारीत चाललेलं कॉम्प्युटरचं सेटिंग मे महिन्यात का कोलमडतं?

प्रश्न : माझं लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचं काम आहे. प्रोसेसर रायझन ५ ३६००, मदरबोर्ड बी४५०, पंखा प्रोसेसरसोबत आलेलाच. जानेवारीत बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगच्या पानांत) प्रोसेसरचा वेग, म्हणजे क्लॉक, ४.३ गिगाहर्ट्झ आणि व्होल्टेज १.४ व्होल्ट कायम केलं. त्याच दिवशी एक्सएमपी (रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारं सेटिंग) चालू करून रॅमचा वेगही ३६०० वर नेला. तेव्हा काही अडचण नव्हती. आता रेंडर (तयार व्हिडिओची फाईल बनवण्याचं काम) निम्म्यावर आला की मशीन रीस्टार्ट होतं. व्होल्टेज अजून वाढवू का?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : अजिबात वाढवू नका. उलट कमी करायचं आहे.

प्रोसेसरवरचा कूलर, म्हणजे पंखा आणि त्याखालची धातूची पाती (हीटसिंक), प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. रेंडरला प्रोसेसर खोलीच्या वर ५० अंश चढत असेल, तर जानेवारीत ७०–७५ ला थांबतो. भुसावळच्या मेमध्ये पत्र्याखालच्या खोलीत तोच ९५ ला टेकतो, आणि या प्रोसेसरची कमाल मर्यादा ९५ च आहे. नेमकी तेव्हाच लग्नसराई, म्हणजे सगळ्यात जास्त काम सगळ्यात जास्त उन्हात. आपल्या भागातलं ओव्हरक्लॉकिंग (कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं) मेच्या दुपारी तपासावं, थंडीतल्या चाचणीवर मी भरवसा ठेवत नाही.

उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि क्लॉकच्या प्रमाणात वाढते. ४.० गिगाहर्ट्झ-१.२५ व्होल्टच्या तुलनेत तुमच्या सेटिंगला साधारण ३५ टक्के जास्त उष्णता निघते, वेग वाढतो साडेसात टक्के. तासाभराच्या रेंडरमध्ये चार मिनिटं वाचतात. एकदा रीस्टार्ट झालं की सगळा तास वाया! म्हणून माझं स्पष्ट मत : क्लॉक आणि व्होल्टेज दोन्ही ‘ऑटो’वर न्या. हा प्रोसेसर गरजेप्रमाणे स्वतःच ४.२ पर्यंत वेग वाढवतो (बूस्ट).

तरीही रीस्टार्ट झालं तर रॅम तपासा. एकाच दिवशी दोन गोष्टी बदलल्यामुळे दोष कुणाचा ते कळत नाही. या प्रोसेसरला कंपनीने मान्य केलेला रॅमचा वेग ३२०० आहे, ३६०० हेही ओव्हरक्लॉकिंगच. ३२०० वर आणून रात्रभर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम लावा. एकही चूक दिसली तर ते सेटिंग बाद.

विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअरही (मशीनमधल्या घडामोडींची नोंदवही) उघडा. ‘कर्नल-पॉवर ४१’ एवढीच नोंद असेल तर मशीन नीट बंद न होता गेलं, इतकंच कळतं; मग पॉवर सप्लाय आणि घरातली लाईनही पाहावी लागेल. त्यासोबत ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’ ही हार्डवेअरच्या चुकीची नोंद असेल तर संशय प्रोसेसर आणि त्याच्या सेटिंगवर.

आता हीटसिंक. जिनिंगजवळच्या घरांतली मशीन उघडली की पंख्याखालच्या पात्यांवर रुईचा नमद्यासारखा थर निघतो. वरून पंखा फिरताना दिसतो, हवा मात्र आत जातच नाही. तो थर काढा, थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधला उष्णता वाहून नेणारा लेप) बदला. पण कूलर थेट ओढू नका. आधी दहा मिनिटं मशीन चालवून पेस्ट मऊ होऊ द्या, मग बंद करून प्लग काढा, स्क्रू सोडवा आणि कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत उचला. नाहीतर या सॉकेटमधून (बोर्डावरच्या प्रोसेसरच्या खाचेतून) प्रोसेसर कूलरला चिकटूनच बाहेर येऊ शकतो आणि त्याच्या पिना वाकू शकतात. तसंच, खोलीतल्या पाण्याच्या कूलरचा झोत कॅबिनेटवर थेट येऊ देऊ नका, त्यातला ओलावा आणि क्षार बोर्डावर बसतात.

प्रश्न : रॅमचं सेटिंग बदललं आणि स्क्रीनच येईना. बोर्ड गेला का?
— एक वाचक, शिरपूर

उत्तर : बहुधा नाही. प्लग काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, बोर्डाच्या माहितीपुस्तिकेत दाखवलेल्या क्लिअर सीमॉसच्या (बायोसची सेटिंग पुसण्याच्या) दोन पिनांना स्क्रूड्रायव्हर दहा सेकंद टेकवा. पिना सापडत नसतील तर सीआर२०३२ हा गोल सेल पाच मिनिटं काढून ठेवा. सुरू झाल्यावर तारीख-वेळ लावा. विंडोज सुरू होत नसेल तर बूटचा क्रम आणि सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होण्याचं बायोसमधलं सेटिंग) आधीसारखं आहे का ते बघा. पुढच्या वेळी काहीही बदलण्याआधी बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा.