मांडी एक, लेकरं तीन

या वेळी आलेली बहुतेक पत्रं दोन-तीन लहान मुलं असलेल्या घरांतली आहेत. सगळ्यांत थोरलं सातचं, धाकटं अजून अंगावर पिणारं. सोलापूर शहरात अंगणवाड्यांची मुख्य सेविका म्हणून मी अशीच घरं रोज पाहिली आणि माझी तीनही मुलं साडेचार वर्षांच्या आत झाली. त्यामुळे ही पत्रं वाचताना मी वारंवार थांबले.

प्रश्न : मला तीन मुलं. मुलगी साडेपाच वर्षांची, मुलगा तीनचा, धाकटी सात महिन्यांची. धाकटीला पाजायला बसले की मुलगा नेमका तेव्हाच फडताळावर चढतो, नाहीतर बहिणीचे केस ओढतो. शू सांगायला शिकून वर्ष झालं होतं, आता पुन्हा चड्डीत करतो. परवा मी त्याला मारलं. रात्री मला रडू आवरेना. (नीलम नगर)

ताई, आधी चड्डीचं. धाकटं भावंड आलं की शू सांगणारं मूल पुन्हा चड्डीत करू लागतं, हे कितीतरी घरांत होतं. तो मुद्दाम करत नाही. चड्डी बदला, त्यावर एक शब्दही बोलू नका, काही आठवड्यांत थांबेल. लघवीला जळजळ असेल, ताप असेल किंवा तो दर थोड्या वेळानं जात असेल, तर मात्र लघवी तपासून घ्या.

आता मांडीचं. साखर पेठेतल्या एका घरात मी पाहिलेलं सांगते. आई भिंतीपासून हातभर पुढे सरकून बाळाला पाजत होती. तिचा तीन वर्षांचा मुलगा मागून आला, तिच्या पाठीला पाठ लावून बसला आणि पायांच्या बोटांनी चादरीची किनार उचलत राहिला. मी विचारलं, तर तोच म्हणाला, "मांडी बाळाची हाय, पाठ माझी." हे त्या आईनं ठरवून दिलं होतं. ती पाजायला बसली की पाठ त्याची, दुसऱ्या कुणाची नाही. मारामारी त्या दिवसापासून एकदम थांबली असं नाही, पण त्याला जायला एक जागा मिळाली.

तुमचा मुलगाही जागाच शोधतोय. फडताळावर चढलं की आई बघते, ओरडते, उठते, हे त्याला कळलंय. त्याला पाठ द्या. पाजायच्या वेळीच उघडायचा एखादा डबा ठेवा. त्यात टॉवेलचे रंगीत तुकडे, जुन्या बांगड्या, दोन वाट्या असू द्यात. पाजून झालं की डबा बंद, म्हणजे त्याची ओढ टिकेल.

याहून महत्त्वाचं दुसरं आहे. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, तरी आपण निभावतो, कारण आपला दिवस कोणता ते ठाऊक असतं. दिवस चुकला, वेळ कळली नाही, की जीव टांगणीला लागतो. मुलांचंही तसंच असतं. दिवसभर थोडं थोडं लक्ष देऊन तिघांनाही अर्धपोटी ठेवण्यापेक्षा प्रत्येकाची ठरलेली वेळ ठेवा. मुलाची दहा मिनिटं, संध्याकाळी जिन्यात, बाळ आजीकडे किंवा बाबांकडे, फोन आत. थोरलीची रात्री, वेणी सोडताना. ती दहा मिनिटं शिक्षा म्हणून कधीही कापू नका.

थोरलीला "तू मोठी आहेस ना" म्हणणं तेवढं आजपासून सोडा. ती साडेपाच वर्षांची आहे.

मारल्याबद्दल त्याला जवळ घेऊन सरळ सांगा, "आईनं मारलं, आईचं चुकलं." तीन वर्षांच्या मुलाला ते कळतं. आणि तुमचं रडू दोन आठवड्यांच्या वर टिकलं, बाळ झोपलं तरी तुम्हाला झोप लागेना, कशातच मन लागेना, तर ते बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं. त्यात तुमचा काही दोष नाही आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांशी बोला, किंवा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे.

प्रश्न : मी घरी विड्या करते. सूप मांडीवर घेतलं की संध्याकाळच होते. घर एका खोलीचं. दीड वर्षाचा मुलगा सुपाशीच खेळतो, चार आणि सात वर्षांच्या मुली भोवती असतात. तंबाखूचा मुलांना त्रास होतो का? मी त्याला अंगावर पाजू का? (अशोक चौक)

अक्का, तुम्ही हे विचारलंत याचं मला फार बरं वाटलं. त्रास होतो. रांगणारं, नुकतं चालणारं मूल जमिनीवरची भुकटी हाताला लावून घेतं आणि हात तोंडात घालतं. तंबाखूतलं निकोटिन कातडीतूनही अंगात जातं, ओल्या कातडीतून जास्त.

काम सोडा असं मी म्हणणार नाही, चूल त्यावर आहे. पण जागा बदला. सूप खोलीच्या मध्यावर न घेता दारात किंवा ओट्यावर बसा, म्हणजे वाऱ्यानं भुकटी बाहेर जाईल. सगळी तंबाखू उघडी ठेवू नका. झाकणाचा डबा उंचावर आणि सुपात घडीभरापुरतीच. कात्री खिळ्याला अडकवा. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घाला. मुलाला घ्यायच्या आधी तो काढून ठेवा, कोपरापर्यंत साबणानं हात धुवा, मग पाजा. दूध बंद करू नका, त्याला ते हवंच आहे. काम संपल्यावर कोरडा झाडू मारला की भुकटी उडते, म्हणून ओल्या फडक्यानं पुसा आणि ते फडकं वेगळं ठेवा.

मुलानं तंबाखू तोंडात घातली आणि तो लाळ गाळू लागला, उलट्या झाल्या, पांढरा पडला, थरथरला, तर बोटानं तोंडातली काढा आणि थेट दवाखाना गाठा, नाहीतर १०८ ला फोन करा. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची नाही. तो बरा दिसत असला तरी दाखवून या, कारण लहान अंगाला थोडी तंबाखूही जास्त होते.

चार वर्षांचीला अंगणवाडीत घाला. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तिथे शिजवलेला आहार मिळतो आणि ती तेवढे तास तंबाखूपासून लांब राहील. सात वर्षांचीच्या हातात हजारी, म्हणजे हजार विड्या, भरायला म्हणून विडीची पानं देऊ नका. हे मी विनवून सांगते आहे.

प्रश्न : आमच्या घरी कन्नड, वाड्यात शेजारी तेलुगू, बाहेर मराठी. सव्वादोन वर्षांची जुळी मुलं "अव्वा, पाणी बेकु" (आई, पाणी हवं) असं मिसळून बोलतात. नातेवाईक म्हणतात एकच भाषा बोला, नाहीतर मुलं मागे पडतील. (जुळे सोलापूर)

"अव्वा, पाणी बेकु" हे तीन शब्दांचं पुरं वाक्य आहे! कुणाला हाक मारायची, काय हवंय, हवंय हे कसं सांगायचं, सगळं त्यात आलं. दोन-तीन भाषा कानावर पडल्यामुळे मूल मागे पडत नाही. सोलापुरात पिढ्यान्‌पिढ्या मुलं अशीच वाढली आहेत. मिसळणं पुढे आपोआप सुटतं. आजीशी कोणती आणि बाईंशी कोणती, हे मुलंच ठरवतात. शब्द मोजायचे तर सगळ्या भाषांतले मिळून मोजा.

जुळ्यांचं मात्र एक असतं. आपण त्यांच्याशी "चला रे", "बसा रे" असं जोडीनं बोलतो, एकेकट्याशी बोलणं कमी होतं. दिवसातून काही वेळा एकाचंच नाव घेऊन, त्याच्याच डोळ्यांत बघून बोला. दुसरा मध्ये उत्तर देऊ लागला तर त्याला थांबवा.

दोन वर्षांनंतरही दोन शब्द जोडत नसलेलं, हाकेला वळून न बघणारं किंवा बोट करून दाखवत नसलेलं मूल असेल, तर भाषेला दोष देत बसू नये, आधी कान तपासावेत. तुमच्या मुलांना त्याची गरज दिसत नाही.

प्रश्न : मुलगा-सून दोघं नोकरीला, नातवंडं माझ्याकडे. नात चार वर्षांची, नातू पावणेदोनचा. मोबाईल लावल्याशिवाय जेवत नाहीत. भाजलेल्या शेंगा मात्र दोघं आवडीनं खातात. (होटगी रोड)

आजी, मोबाईलचं नंतर बोलू. नातवाच्या हातातले शेंगदाणे आज, आत्ता बंद करा.

आपल्याकडे शेंगा घरोघरी असतात म्हणून हे कुणाला खरं वाटत नाही. या वयाला दाढा पुरत्या आलेल्या नसतात, दाणा नीट चावला जात नाही. हसताना, रडताना, पळताना अख्खा किंवा अर्धा दाणा श्वासनळीत जातो. पाच वर्षांची होईपर्यंत मुलांना अख्खा दाणा देऊच नये, म्हणजे नातीलाही नाही. चिवड्यातला, चिक्कीतलाही नको. संक्रांतीच्या तिळगुळातला दाणा बघून काढा. शेंगांचं बारीक कूट चालतं. कमी तिखटाची शेंगा चटणी दह्यात कालवून भाकरीशी दिली तर उत्तमच.

कधी ठसका लागलाच आणि मूल जोरात खोकत असेल, तर त्याला खोकू द्या, पाठीत मारू नका. आवाज फुटत नसेल, खोकता येत नसेल, तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळव्यानं पाच जोरकस थापा मारा आणि कुणाला तरी १०८ लावायला सांगा. दाणा दिसत नसताना घशात बोट घालू नका, तो आणखी आत जातो. आणि ठसका थांबला पण नंतर दिवस-दिवस खोकला राहिला, छातीत शिट्टी वाजू लागली, तर डॉक्टरांना "शेंगदाण्याचा ठसका लागला होता" हे आवर्जून सांगा. एरवी सर्दी समजून औषधं चालू राहतात आणि दाणा आतच असतो.

मोबाईल. पडद्याकडे बघत जेवणाऱ्या मुलाला पोट भरलं की नाही, हेच कळत नाही. दोन वर्षांच्या आत पडदा नकोच, पुढे पाच वर्षांपर्यंत दिवसाला फार तर तासभर, आणि जेवताना कधीच नाही. तिघांनी एका सतरंजीवर बसा, तुम्हीही त्यांच्याबरोबर जेवा. गरम भाकरीचा पापुद्रा काढून नातवाच्या हातात द्या, वरणाची वाटी त्याच्यापुढे ठेवा. सांडेल, सांडू द्या. वीस-पंचवीस मिनिटांनी, खाल्लं असो वा नसो, न रागावता ताट उचला आणि मध्ये बिस्किटं देऊ नका. पहिले तीन-चार दिवस तुमचा जीव तुटेल. तेवढं सोसा. आणि सुनेला आधी विश्वासात घ्या, नाहीतर रात्री पुन्हा मोबाईल सुरू होईल.

प्रश्न : आमच्याकडे चार दिवसांनी पाणी येतं. त्या दिवशी मी आणि बायको दोघं पाणी भरण्यात. घरात एक, तीन आणि पाच वर्षांची मुलं. गोंधळ कसा आवरावा? (विजापूर रोड)

दादा, गोंधळ होऊ द्या. मला भीती भरलेल्या बादलीची वाटते.

एक-दीड वर्षाच्या मुलाचं डोकं अंगाच्या मानानं जड असतं. बादलीत वाकून बघताना तोल गेला की ते डोक्यावर आत जातं आणि त्याला स्वतःहून वर येता येत नाही. त्याला वीतभर पाणीही पुरे होतं. आणि आवाज होत नाही. मूल ओरडेल, पाणी उडेल, असं आपल्याला वाटतं. तसं काही होत नाही. दोन मिनिटांत होतं सगळं.

म्हणून पाण्याच्या दिवशी दोघांपैकी एकाचं काम फक्त मुलं. नळ दुसऱ्याचा, मग वेळ दुप्पट लागला तरी चालेल. पिंपाला घट्ट बसणारं झाकण, वर दगड ठेवून भागत नाही. भरलेल्या बादल्या मोरीत आणि मोरीला बाहेरून वरची कडी. हौदाला कुलूप. पाच वर्षांच्याला "बाळाकडे लक्ष दे" सांगून जाऊ नका, ते त्याचं वय नाही.

कुणी पाण्यात सापडलंच, तर उलटं धरून पोटातलं पाणी काढायच्या मागे लागू नका. श्वास नसेल तर लगेच तोंडानं श्वास द्या, छाती दाबा, १०८ लावा. हे करायला प्रशिक्षण घ्यावं, तुम्ही दोघांनीही.

प्रश्न : तीन मुलांना घेऊन गड्ड्याला (सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या जत्रेला) जावं की नाही? धाकटी दोन वर्षांची. (बाळे)

जा. सिद्धेश्वराची यात्रा मुलांनी बघायलाच हवी. बाराबंदी, म्हणजे बंदांचा पांढरा अंगरखा, घातलेले मानकरी आणि नंदीध्वजांच्या उंच काठ्या एकदा पाहिल्या की मुलं वर्षभर काठ्या घेऊन घरात मिरवणूक काढतात. पण अक्षता सोहळ्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या प्रतीकात्मक लग्नाच्या, दाटीत दोन वर्षांच्या मुलीला नेऊ नका. शोभेचं दारूकाम होम मैदानात उभं राहून बघण्यापेक्षा लांबून, गच्चीवरून दाखवा. आवाजानं लहान मुलं घाबरतात, तेव्हा कान हातांनी झाका.

गड्ड्यावर दुपारी उन्हं कलताना जा, रात्रीची गर्दी वाढायच्या आत परत फिरा. निघण्यापूर्वी तिघांना आज घातलेल्या कपड्यांत उभं करून फोटो काढा. हरवल्यावर शर्टाचा रंग आठवत नाही. मनगटावर पेनानं तुमचा फोन नंबर लिहा, नाव लिहू नका. पाळण्यापाशी पोचलात की मोठ्या दोघांना पोलीस मदत केंद्र बोटानं दाखवा आणि सांगा, "चुकलास तर जिथे आहेस तिथेच थांब, आई येते." दोन मुलं असतील तर दोन मोठी माणसं हवीत, तीन असतील तर तीन. शेजारची आत्या, मामा, कुणीही चालेल. धाकटीला कडेवरच ठेवा, आणि दमलात की कडेवरून कडेवर द्या.