कॅरिबियनमध्ये निसर्ग, समुद्रकिनारे आणि संस्कृती असं तिन्ही एकाच देशात बघायचं असेल तर कुठे जावं?

हाताशी दहा-बारा दिवस आहेत आणि नुसतं वाळूत पडून राहायचं नाही, असं तुम्ही लिहिलंय. मग त्रिनिदाद आणि टोबॅगो या दोन बेटांच्या देशात जा. मी नोकरीनिमित्त त्रिनिदादमधल्या पॉइंट लिसास या औद्योगिक बंदराच्या भागात राहिलोय, म्हणून हक्काने सांगतो.

बरेच जण थेट टोबॅगोचा किनारा गाठतात. तुम्ही मात्र निम्म्याहून जास्त दिवस त्रिनिदादला द्या.

पोर्ट ऑफ स्पेनजवळ कारोनीचं खारफुटीचं जंगल आहे. उतरत्या उन्हात सपाट बुडाच्या होडीतून नेतात. सुरुवातीला अरुंद खाडी, डोक्यावर फांद्या, त्यात एखादा साप वेटोळं घालून निजलेला. पुढे पाणी मोकळं होतं, होडी थांबते आणि लालभडक शराटी पक्ष्यांचे थवे मुक्कामाला येऊ लागतात. हिरवं बेट बघता बघता लाल होतं. पिल्लं करड्या रंगाची असतात. खेकडे वगैरे खाऊन त्यांच्या अंगावर ही लाली चढते. दुर्बीण न विसरता न्या.

संस्कृतीचं म्हणाल तर 30 मे 1845 रोजी ‘फतेल रझाक’ जहाजातून पहिले गिरमिटिये, म्हणजे करारावर आणलेले भारतीय मजूर, इथे उतरले. बहुतेक मजूर बिहार-उत्तर प्रदेशाकडचे, त्यामुळे इथल्या भारतीय वंशाच्या लोकांच्या ‘चटणी’ नावाच्या नाचऱ्या संगीतात भोजपुरी कानावर पडते. त्रिनिदादमधल्याच वॉटरलू गावचं समुद्रातलं देऊळ चुकवू नका. शिवदास साधू या ऊसमळ्यातल्या मजुराने साखर कंपनीच्या जागेवर बांधलेलं देऊळ पाडलं गेलं आणि त्यांना तुरुंगात जावं लागलं. समुद्र कुणाच्या मालकीचा नाही, म्हणून मग त्यांनी सायकलवरून दगड-माती वाहत भरतीच्या पाण्यातच भर घातली आणि वर्षानुवर्षं एकट्याने देऊळ उभारलं. तिथे गेल्यावर मला बराच वेळ बोलवेना.

सकाळी रस्त्यावरचे डबल्स खा: ‘बारा’ नावाच्या हळद घातलेल्या दोन मऊ तळलेल्या पुऱ्या, त्यावर छोले, चिंच, काकडी आणि कुचेला, म्हणजे कैरीचं तिखट लोणचं. तिखटाचं विचारतील तेव्हा ‘स्लाइट’ (अगदी थोडं) म्हणा, त्यांची मिरची जहाल असते. मराकस किनाऱ्यावर बेक अँड शार्क, म्हणजे तळलेल्या पावात तळलेला शार्क मासा, मिळतो.

टोबॅगोला विमानाने अर्ध्या तासाच्या आत पोचता, बोटीला काही तास लागतात. तिथला पिजन पॉइंटचा किनारा सुंदर आहेच, पण मेन रिज या डोंगररांगेच्या जंगलात एक सकाळ घालवा. पाऊस टिकावा म्हणून 1776 मध्येच कायद्याने राखलेलं हे जंगल आहे. बक्कूच्या प्रवाळाजवळचा नायलॉन पूल म्हणजे भर समुद्रात कमरेइतकं नितळ पाणी; पोहता न येणाऱ्यांनाही तिथे उतरता येतं.

दोन गोष्टी जपा. पोर्ट ऑफ स्पेनमध्ये अंधार पडल्यावर पायी फिरू नका, ओळखीची टॅक्सी ठेवा. आणि विमान अमेरिकेत बदलणार असाल तर तेवढ्यासाठीही अमेरिकेचा व्हिसा लागतो, हे तिकीट काढण्याआधीच बघा.

कधी जायचं, हे मात्र तुम्हीच ठरवा. कार्निव्हल हा रस्त्यावरच्या नाचगाण्याचा मोठा उत्सव ॲश वेन्सडेच्या (ईस्टरआधीचा ख्रिस्ती उपवासकाळ सुरू होतो तो बुधवार, फेब्रुवारी-मार्चमधला) आधीच्या सोमवार-मंगळवारी असतो. त्याआधीच्या आठवड्यांत पॅनयार्डमध्ये, म्हणजे वादकांच्या सरावाच्या अंगणात, स्टीलपॅन या पोलादी पिंपापासून बनलेल्या वाद्याची तालीम रात्री उशिरापर्यंत चालते आणि ती ऐकायला कुणीही जाऊ शकतं. पण हॉटेलं तेव्हा फार महाग. त्रिनिदादच्या उत्तर किनाऱ्यावरच्या ग्रांद रिव्हिएरला लेदरबॅक ही प्रचंड समुद्री कासवं मार्च ते ऑगस्टमध्ये अंडी घालायला येतात; परवाना आणि वाटाड्या घेऊन रात्री बघता येतात. मला विचाराल तर एप्रिल: कासवं आलेली असतात आणि पावसाळा अजून लांब असतो.