वाचकांचे प्रश्न : प्लॅन २००चा, वेग ९४चा

प्रश्न : आमच्या घरी २०० एमबीपीएसचा फायबर प्लॅन असून टेबलावरचा संगणक वायरने राउटरला जोडलेला आहे. मार्चपर्यंत वेग तपासला की १९०च्या पुढचा आकडा येत असे. एप्रिलमध्ये घराला रंग दिला आणि तेव्हापासून केव्हाही तपासले तरी ९४च येतो. कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला. त्याने स्वतःच्या मोबाइलवर १८० दाखवले आणि लाइन ठीक असल्याचे सांगितले. ग्राहक सेवा केंद्रातून ३००चा प्लॅन घेण्याचा सल्ला मिळतो. तो घ्यावा का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : घेऊ नये. ३००चा काय, १०००चा प्लॅन घेतलात तरी या संगणकावर ९४च दिसेल.

आपल्या पत्रातली सर्वांत उपयोगी माहिती म्हणजे हा ९४चा आकडा आणि तो हलत नाही ही गोष्ट. लाइन खराब असेल किंवा रात्री गर्दी होत असेल, तर वेग कधी ४०, कधी १२०, कधी १७० असा वरखाली होतो. सकाळ-संध्याकाळ एकाच आकड्यावर थांबणारा वेग कोठेतरी ठाम मर्यादा असल्याचे सांगतो आणि ९४ ही मर्यादा या क्षेत्रातल्या माणसांच्या चांगल्या ओळखीची आहे. संगणकाची वायरची जोडणी १००, १००० एमबीपीएस अशा ठरलेल्या पायऱ्यांवर चालते आणि माहिती लहान लहान पाकिटांमध्ये बांधून जाते. १००च्या पायरीवर प्रत्येक पाकिटाभोवती पत्ता, तपासणीचे अंक आणि दोन पाकिटांमधली मोकळी जागा यांचा खर्च होतो. वायरवरच्या दर १५३८ बाइटांमागे आपल्या कामाचे सुमारे १४६० बाइट उरतात, म्हणजे १००पैकी जेमतेम ९४-९५. थोडक्यात, मार्चमध्ये १०००च्या पायरीवर असलेली आपली जोडणी एप्रिलमध्ये १००वर उतरली आहे.

ती का उतरली असावी, हे वायर उघडून पाहिले की कळते. या वायरीत, म्हणजे लॅन केबलमध्ये, आठ तारा असतात आणि त्या एकमेकींना पीळ घालून चार जोड्यांमध्ये बसवलेल्या असतात. १००च्या वेगाला यातल्या दोनच जोड्या, नेहमीच्या रंगक्रमानुसार नारिंगी आणि हिरवी, लागतात; १०००च्या वेगाला चारही लागतात. नारिंगी किंवा हिरवी तार तुटली तर नेट बंद पडते आणि दोष लगेच उघड होतो. निळी किंवा तपकिरी तुटली तर मात्र उपकरणे बहुधा तक्रार न करता १००वर येऊन काम चालू ठेवतात, त्यामुळे महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षातही येत नाही. रंगकामात कपाटे सरकतात, दाराच्या फटीतून गेलेली वायर दबते, भिंतीवरच्या क्लिपा उपटताना तिला हिसका बसतो. रंगारी काय, आपण स्वतःही अशा वेळी वायरीकडे बघत नाही.

तरीही वायर बदलण्याआधी बिनखर्चाची एक गोष्ट पाहावी. रंगकामासाठी काढलेली वायर परत लावताना राउटरच्या दुसऱ्या भोकात (पोर्टमध्ये) गेली नाही ना? कंपन्या घरी बसवतात त्या फायबरच्या डब्यांपैकी पुष्कळांमध्ये एकच पोर्ट १०००चा आणि बाकीचे १००चे असतात. वायर पहिल्या पोर्टमध्ये लावून पाहावी. विंडोज ११ असल्यास सेटिंग्जमधील ‘नेटवर्क अँड इंटरनेट’ या भागात इथरनेट उघडले की ‘लिंक स्पीड’ या ओळीत १००/१०० किंवा १०००/१००० असे लिहिलेले दिसते. स्पीड टेस्टपेक्षा या ओळीवर अधिक विश्वास ठेवावा, कारण तिचा बाहेरच्या लाइनशी काही संबंध नसतो. पोर्ट बदलूनही १००च दिसले, तर शेजारून एखादी चांगली तयार पॅच कॉर्ड (दोन्ही टोकांना जॅक असलेली छोटी वायर) उसनी आणून संगणक राउटरजवळ नेऊन जोडावा. आकडा १००० झाला की दोष जुन्या वायरीचा, हे नक्की. तिची दोन्ही टोके कापून नवे जॅक आठही तारांसह क्रिंप करून (दाबून बसवून) घ्यावेत आणि एवढ्याने भागले नाही तर कॅट-५ई किंवा कॅट-६ या प्रतीची नवी वायर ओढावी. वायर ओढणाऱ्याला ‘आठही तारा लावा’ असे स्पष्ट सांगावे; एकाच केबलीच्या चार-चार तारा वाटून दोन खोल्यांना जोडणी देणारे कारागीर मी पाहिले आहेत.

कंपनीचा माणूस खोटे बोलला नाही. त्याचा मोबाइल वायफायवर होता, त्यामुळे आपली वायर त्याच्या मोजणीत आलीच नाही. आडात भरपूर पाणी आहे, आपला पोहरा फुटका आहे.

प्रश्न : रत्नागिरीजवळ आमचे जांभ्या दगडाचे जुने घर आहे. राउटर ओटीवर आहे. तेथे १०० एमबीपीएस मिळतात, पण माजघरात १० सुद्धा नाहीत. रिपीटर घ्यावा का?

उत्तर : जांभ्याच्या जाड भिंतीतून ५ गिगाहर्ट्‌झच्या लहरींच्या पट्ट्यावरचे वायफाय फारसे जात नाही, २.४च्या पट्ट्यावरचे थोडे अधिक जाते, पण त्याचा मूळ वेगच कमी असतो. साधा रिपीटर एकाच पट्ट्यावर ऐकतो आणि त्यावरच पुढे बोलतो, म्हणून त्याच्यापर्यंत पोचणारा वेगही जवळपास निम्मा होतो. शिवाय बहुतेक लोक तो माजघरातच लावतात, जेथे मुळात काही पोचतच नाही. आपण वाशांच्या कडेने एक लॅन केबल माजघरापर्यंत न्यावी आणि तेथे दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे वायरीतून आलेले नेट वायफायवर देण्यापुरता, लावावा. राउटर ओटीवरच्या लोखंडी कपाटामागे असेल, तर आधी तो बाहेर काढून उंचावर ठेवून पाहावा. कधीकधी एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

प्रश्न : रात्री ९ ते ११ या वेळातच नेट मंदावते. दोष कोणाचा?

उत्तर : त्या वेळी संगणक वायरने जोडून तीन-चार रात्री मोजावे. वायरवर वेग पुरेसा आणि मोबाइलवर कमी असेल, तर इमारतीतली वायफायची गर्दी आड येते आहे, २.४ गिगाहर्ट्‌झवर एकमेकांवर न चढणारे १, ६ आणि ११ असे तीनच चॅनल असल्याने मोबाइल ५ गिगाहर्ट्‌झच्या वायफायवर न्यावा. वायरवरही वेग पडत असेल, तर अडचण कंपनीच्या बाजूची आहे. एका फायबरवर अनेकदा ३२ किंवा ६४ घरे असतात आणि त्यापुढची सामाईक जोडणीही त्या वेळी भरून जाते. नोंदी तारीख-वेळेसह लिहून तक्रार करावी, डॉकेट क्रमांक (तक्रारीचा नोंदणी क्रमांक) घ्यावा आणि तोडगा समाधानकारक नसेल तर कंपनीच्याच अपिलीय प्राधिकरणाकडे जावे. तेथे ‘नेट स्लो आहे’ या वाक्यापेक्षा वायरवर मोजलेले आकडे नाकारणे कंपनीला फार जड जाते.