म्हातारा मॅनेजर निघाला, आता डगआउट कोणाचं?

क्रिकेट संघाचा मॅनेजर हॉटेलच्या खोल्या आणि बसची वेळ बघतो. बेसबॉलमध्ये तो निवृत्त झाला की एवढा गाजावाजा का?

कारण तिथला मॅनेजर म्हणजे आपला कप्तान आणि प्रशिक्षक एकाच माणसात. फलंदाजीचा क्रम तो लावतो, पिचर (म्हणजे आपला गोलंदाज) कधी काढायचा ते तो ठरवतो, आणि नियमित हंगामात हे १६२ सामने चालतं. बदललेला खेळाडू त्या सामन्यात परत आणता येत नाही, त्यामुळे चुकीची दुरुस्ती नाही. बसतोही खेळाडूंसारखाच गणवेश घालून. कॉनी मॅक मात्र सुटाबुटात असायचे. १९०१ ते १९५० ते फिलाडेल्फिया ॲथलेटिक्स या संघाचे मॅनेजर होते. संघात त्यांची मालकीही होती, मग त्यांना हलवणार कोण?

टेरी फ्रँकोनांसारखा दिग्गज मॅनेजर २०२३ मध्ये थांबल्यावर क्लीव्हलंड संघाने कधीच मॅनेजर नसलेल्या स्टीव्हन व्होटला नेमलं. हा जुगार नव्हता?

होताच. पण डोळे मिटून खेळलेला नव्हता.

आधी फ्रँकोना काय होते ते बघा. २००४ मध्ये त्यांनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेता ठरवणारी अंतिम मालिका, जिंकून बॉस्टनचा ८६ वर्षांचा दुष्काळ संपवला, २००७ मध्ये दुसरं विजेतेपद मिळवलं. २०१३ ते २०२३ या काळात क्लीव्हलंडला ९२१ सामने जिंकून दिले; तिथल्या कोणत्याही मॅनेजरपेक्षा जास्त. २०१६ मध्ये त्यांनी अँड्र्यू मिलर हा आपला सर्वांत भेदक रिलीव्हर (बदली पिचर) शेवटच्या, नवव्या इनिंगसाठी राखून न ठेवता पाचव्या-सहाव्या इनिंगलाच मैदानात आणला, कारण सामना तिथेच निसटत होता. त्या वर्षी वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना ते शिकागो कब्जकडून हरले, पण बुलपेन, म्हणजे बदली पिचरांची फळी, कसं वापरावं याची सगळीकडे नव्याने चर्चा झाली.

२०२० आणि २०२१ मध्ये आजारपणामुळे त्यांना अर्ध्यातच बाजूला व्हावं लागलं होतं. म्हणजे शेवट जवळ आलाय हे क्लबला दिसत होतं, विचाराला वेळ होता. अध्यक्ष ख्रिस अँटोनेटी तेच, पिचिंग कोच कार्ल विलिस तेच. पिचर घडवण्याची तिथली घडी बसलेली होती. ती न विस्कटता खेळाडूंना सांभाळणारा माणूस त्यांना हवा होता.

व्होट तेव्हा ३९ वर्षांचे, माजी कॅचर (आपल्या यष्टिरक्षकासारखा). २०२२ पर्यंत खेळले, मग सिॲटलच्या बुलपेनमध्ये एक वर्ष कोच. मोठ्या लीगमध्ये फलंदाजीच्या पहिल्या ३२ प्रयत्नांत त्यांना एकही हिट (बेस गाठून देणारा फटका) मिळाली नव्हती, आणि कारकिर्दीच्या अगदी शेवटच्या फटक्यावर होमरन, म्हणजे आपला षटकारच! बाकावर बसणं काय असतं हे अशा माणसाला वेगळं समजवावं लागत नाही. २०२४ मध्ये ९२ विजय, विभागाचं विजेतेपद, अमेरिकन लीगच्या (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक) अंतिम मालिकेपर्यंत मजल आणि त्या लीगमधला वर्षातला सर्वोत्तम मॅनेजर हा मान.

बेंच कोच, म्हणजे मॅनेजरचा उजवा हात, हाच नैसर्गिक वारस नाही का? वर्षानुवर्षं शेजारी बसलेला असतो.

ह्यूस्टनने तसंच केलं. ७४ वर्षांचे डस्टी बेकर २०२३ च्या ऑक्टोबरात थांबले आणि २०१८ पासून बेंच कोच असलेल्या जो एस्पाडांकडे सूत्रं गेली. जिंकत्या संघाला हे सोयीचंच. त्याच हिवाळ्यात मिलवॉकीचे क्रेग काउन्सेल पाच वर्षांच्या चार कोटी डॉलरच्या करारावर कब्जकडे गेले, तेव्हा त्यांच्या जागी त्यांचेच बेंच कोच पॅट मर्फी आले. काउन्सेल कॉलेजात याच मर्फींच्या हाताखाली खेळले होते. गुरू शिष्याच्या गादीवर!

सेंट लुईसची गोष्ट मात्र मला जास्त बोलकी वाटते. २०११ मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकून तीनच दिवसांत टोनी ला रूसा निवृत्त झाले. जागा मिळाली माइक मथीनींना. तेही माजी कॅचर, तेही व्होटसारखेच अनुभवाविना. पण तिथे एकटे ला रूसा गेले नाहीत. डिसेंबरात संघाचा मोठा फलंदाज अल्बर्ट पुहोल्स एंजल्स संघाकडे गेला आणि नव्या वर्षाच्या सुरुवातीला ला रूसांचे अनेक वर्षांचे पिचिंग कोच डेव्ह डंकनही घरच्या आजारपणामुळे रजेवर गेले. तरी पहिली चार वर्षं संघ प्लेऑफमध्ये होता, २०१३ मध्ये वर्ल्ड सिरीजपर्यंत पोचला. मला त्यात पूर्वपुण्याईचा वाटा मोठा दिसतो. बुलपेनच्या वापरावरून मथीनींवर टीका वाढत गेली आणि जुलै २०१८ मध्ये ऐन हंगामात त्यांना काढलं. म्हणून कोणाला नेमलं यापेक्षा त्याच्या शेजारी कोण उरलं, हे मी आधी बघतो.

निवृत्त झालेले हे लोक परत येतात. मग निवृत्तीला अर्थ काय?

१६२ सामने आणि विमानांचा कंटाळा आला, एवढाच बहुधा. ला रूसा थांबले तेव्हा जुन्या काळातले मॅनेजर जॉन मॅग्रॉ यांच्या विजयांपेक्षा ३५ नी मागे होते. ७६ व्या वर्षी शिकागो व्हाइट सॉक्स संघाने त्यांना परत आणलं, कारण १९८६ मध्ये त्यांना काढल्याची मालक जेरी राइन्सडॉर्फ यांना खंत होती. वारस शोधायची ही पद्धत मला मुळीच पटत नाही, पण २०२१ मध्ये त्यांनी मॅग्रॉना मागे टाकलं आणि विभागही जिंकला. पुढच्या वर्षी प्रकृतीने थांबवलं. ब्रूस बोची २०१९ मध्ये थांबले, २०२३ मध्ये टेक्सासला विजेतेपद देऊन गेले. आणि फ्रँकोना? एक वर्ष विश्रांती घेऊन त्याच ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीत रुजू झाले. पहिल्याच हंगामात ८३ सामने जिंकून संघ प्लेऑफमध्ये.