‘वगळून’ हा शब्द कुठे आहे ते पाहा

विक्रोळीहून एक वाचक लिहितात : जत तालुक्यातल्या गावी आजोबांनी १९९८ मध्ये शेत विकलं. त्यात आमच्या लिंगायत भावकीची रुद्रभूमी, म्हणजे दफनभूमी आहे, पणजोबांपासूनच्या समाध्या तिथेच. घेणाऱ्याच्या मुलाने गेल्या दिवाळीत तारेचं कुंपण घातलं. म्हणतो, सात-बारा माझ्या नावावर आहे. मुंबईत दावा लावता येईल का?

नाही. जमीन जतला, दावाही तिकडेच. आणि सात-बारा म्हणजे मालकी नव्हे, हे पुन्हा उगाळत नाही.

तुम्ही पाठवलेली खरेदीखताची झेरॉक्स मी तीनदा वाचली. दुसऱ्या पानावर चतुःसीमेखाली ‘रुद्रभूमी क्षेत्र २ गुंठे वगळून’ असं आहे. सगळी केस या ओळीवर आहे. आजोबांनी जे विकलंच नाही, ते घेणाऱ्याच्या मुलाला वारशाने येणार कुठून? तुकडेबंदीचा, म्हणजे शेताचा फार लहान तुकडा पाडायला असलेल्या बंदीचा मुद्दा समोरचा वकील काढेल; त्यावर मूळ कागद पाहिल्याशिवाय बोलत नाही.

खतात वाटेचा उल्लेख नाही. पण राखलेल्या जमिनीला दुसरा रस्ताच नसेल, तर १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याचं कलम १३ विकलेल्या शेतातून वाट देतं. फक्त तिथे सोय चालत नाही, गरज लागते. ओढ्याकडून पाऊलवाट असल्याचं तुम्हीच लिहिलंय. लिंगायत रीतीने बसवलेलं पार्थिव घेऊन चार माणसं पावसाळ्यात त्या ओढ्यातून जाऊ शकतात का, हे कोर्ट विचारणार.

आता राग. इतकी वर्षं घरातल्या एकानेही फेरफार, म्हणजे सात-बारावरच्या बदलाची नोंद, उघडून पाहिला नाही! नोंद अख्ख्या गटावर झाली, दोन गुंठ्यांची मोजणी झालीच नाही. प्रांताकडे अपिलाची मुदत साठ दिवस. एवढा विलंब माफ होईलही, पण त्यावर विसंबू नका. मालकी जाहीर करून मागायला समोरच्याने हक्क पहिल्यांदा नाकारल्यापासून तीन वर्षं, मालकीवरून ताबा मागायला बारा. मी तीनच धरून चालेन, कारण कोर्टाच्या तारखा काय असतात ते तुम्हाला ठाऊक आहे. समाधीला जेसीबी लावला, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३०१ आहे, पण त्यात भावना दुखावण्याचा हेतू किंवा त्या दुखावतील याची जाणीव सिद्ध करावी लागते.

या आठवड्यात दुय्यम निबंधकाकडून खताची प्रमाणित नक्कल काढा. आणि तुमच्या वडिलांना २०१९ मध्ये तिथेच समाधी दिली, तेव्हा घेणारा स्वतः माती द्यायला उभा होता, असं तुम्ही शेवटच्या ओळीत सहज लिहून गेलात. तो फोटो कोणाच्या मोबाइलमध्ये आहे?