आजीची पापणी आणि मेडिकल कोडिंग

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर दिवाणजी असलेल्या एका वडिलांचं पत्र आलंय. थोडक्यात असं: आजीच्या दोन्ही वरच्या पापण्यांचं ऑपरेशन झालं, विमा कंपनीनं 'कॉस्मेटिक' म्हणून क्लेम फेटाळला. बी.एस्सी. झूऑलॉजीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या लेकीनं दवाखान्यात खेटे घालून फील्ड टेस्टचा (नजर किती वर-खाली, आजूबाजूला पोचते त्या तपासणीचा) रिपोर्ट आणि ऑपरेशनआधीचे फोटो मिळवले, फाइल परत पाठवली, क्लेम पास झाला. आता तिला मेडिकल कोडिंग करायचंय, म्हणजे डॉक्टरांची नोंद वाचून आजाराला आणि ऑपरेशनला विम्याच्या बिलासाठी ठरलेले कोड लावायचं काम. एक क्लासवाला नोकरीची हमी देऊन साठ हजार मागतोय, आणि मामा म्हणतात, बिलं फाडायला बी.एस्सी. कशाला?

नमस्कार,

मामांना सांगा, लेकीनं बिल फाडलं नाही, पुरावा उभा केला. तुम्हाला हे पटकन कळेल. शेतकऱ्याच्या हिशेबपट्टीत गुळाचा जो रवा (ढेप) चढला नाही त्याचे पैसे अडत्या देत नाही, माल कितीही चांगला असो. इथंही तसंच.

कोडिंगच्या नोकरीत तिला अमेरिकेतल्या रुग्णांच्या फायली बघाव्या लागतील, म्हणून तिथलंच सांगतो. वरच्या पापणीची जादा कातडी काढायच्या ऑपरेशनचे दोन कोड शेजारी शेजारी आहेत, १५८२२ आणि १५८२३. दुसरा कधी लावायचा? जादा कातडीच्या भारानं पापणी खाली दबली असेल तेव्हा. पापणी उचलणारा स्नायूच ढिला असेल, तर तो टोसिस. त्याचे कोड वेगळे, उदाहरणार्थ ६७९०४. एकाच पापणीवर दोन्ही केलं तरी मेडिकेअर (तिथला मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी विमा) कातडीचे वेगळे पैसे देत नाही. कोणती पापणी ते सांगणारी खूणही कोडला जोडायची: डावी वरची पापणी ई१, उजवी वरची ई३. ई२ म्हणजे डावी खालची! नवी पोरं इथंच घसरतात.

पण कोड पाठ करणं हे सोपं काम. अवघड आहे ते डॉक्टरांची नोंद वाचणं. 'डोळे थकल्यासारखे दिसतात' एवढंच लिहिलं असेल तर फाइल कॉस्मेटिकमध्ये गेली. 'वाचताना हातानं पापणी वर धरावी लागते' असं लिहिलेलं लागतं. बाहुलीवरच्या उजेडाच्या ठिपक्यापासून पापणीच्या कडेपर्यंतचं अंतर मोजलेलं लागतं. एरवी ते ४ ते ५ मिलिमीटर असतं, २ किंवा त्याहून कमी असेल तर बाजू भक्कम होते. समोरून काढलेला फोटो हवा. फील्ड टेस्ट दोनदा हवी, एकदा पापणी आहे तशी आणि एकदा पट्टीनं वर चिकटवून. १ जुलै २०२० पासून तिथं हॉस्पिटलच्या बाह्यरुग्ण विभागात हे ऑपरेशन करायचं तर मेडिकेअरची परवानगी आधी घ्यावी लागते.

यातलं काही नसेल तर कोडरनं डॉक्टरांना विचारायचं, मनानं भरायचं नाही. कामाचा दाब आला की नेमकं तेच भरायचा मोह होतो. लेकीला हे आत्ताच सांगून ठेवा.

आता क्लासचं. साठ हजार इतक्यात देऊ नका. हमी कोण देतं, लेखी देतं का, हे विचारा. बहुतेक ठिकाणी उत्तर ऐकूनच कळतं. सीपीसी ही कोडरच्या प्रमाणपत्राची परीक्षा १०० प्रश्नांची, चार तासांची, पास व्हायला ७० टक्के. पास झाल्यावरही अनुभव होईपर्यंत नावापुढे शिकाऊ असल्याचा 'ए' राहतो. शिवाय पुस्तकं दरवर्षी बदलतात, रोगांचे कोड १ ऑक्टोबरला, ऑपरेशनचे १ जानेवारीला. अभ्यास कधी संपत नाही.

रात्रपाळीची काळजी तुम्ही लिहिली आहे. अमेरिकन विमा कंपन्यांना फोन करायचं एआर कॉलरचं काम बहुतेक रात्रीचं. कोडिंग सहसा दिवसाचं. जाहिरातीत दोन्ही एकाच नावाखाली खपवतात. मोठी ऑफिसं पुणे, नवी मुंबई, हैदराबाद, चेन्नईकडे, म्हणजे घर सोडावं लागेल हे धरूनच चाला.

माझं मत विचाराल तर परीक्षा संपल्यावर सहा महिने कोल्हापुरातच एखाद्या हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवर, म्हणजे विम्याच्या क्लेमचं काम बघणाऱ्या खिडकीवर, बसू दे. पगार बेताचाच असेल. तिथं कोडपेक्षा पॅकेज आणि कागदपत्रं जास्त. पण कॅशलेसची विनंती आली की विमा कंपनीनं तासाभरात निर्णय द्यायचा, डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत, असा २०२४ पासून नियम आहे. त्या घाईत अपुरी फाइल कशी अडकते ते तिला रोज दिसेल.

तोवर एक काम द्या. आजीची फाइल पुन्हा उघडून पहिल्यांदा क्लेम का नाकारला गेला ते तीन ओळींत लिहायला सांगा, कंपनीला शिव्या न घालता. ते मला पाठवा, मग क्लासच्या पैशांचं बोलू.