जिन्यात कुणी भेटलं की काय बोलायचं?

‘चार माणसांत गेलं की काय बोलायचं ते सुचत नाही. बाकीच्यांना हे आपोआप कसं येतं? माझ्यातच काही खोट आहे का?’ इंदूरमध्ये माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या तरुणांकडून हा प्रश्न सतत ऐकते. अलीकडे पन्नाशीची माणसंही तो विचारू लागली आहेत. खोट नसते. पण नुसतं तेवढं सांगून कुणाचं समाधान होत नाही, म्हणून एका तरुणाबरोबर काय काय केलं ते सविस्तर लिहिते. त्याची परवानगी घेतली आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्याला निखिल म्हणू. वय 29, एका सीएच्या ऑफिसात नोकरी, घर राजेंद्रनगरच्या बाजूला. त्याला घेऊन आल्या त्याच्या आई. ‘मॅडम, हा अगदी माणूसघाणा झालाय हो. स्थळं येताहेत, पण पाहुण्यांसमोर तोंड उघडेल तर शपथ. कॉलनीत सगळे म्हणतात, फार शिष्ट आहे.’ हे सगळं तो शेजारी बसलेला असताना. मी आईंना थोडा वेळ बाहेर बसायची विनंती केली.

एकटा असताना तो नीट बोलला, आणि मोजकं पण अगदी अचूक बोलला. बाहेर पडण्याआधी तो दाराशी थांबून जिन्यात कुणाचा आवाज नाही ना, हे ऐकायचा. पोहे खायला गर्दी ओसरल्यावरच जायचा. गणपतीत आरतीला उभा राहायचा आणि प्रसाद वाटायला सुरुवात व्हायच्या आत सटकायचा. लग्नात मोबाइल कानाला लावून खोटंच बोलत राहायचा. सगळ्यात जड जायची ती रात्र. दिवसा दोन मिनिटं झालेलं बोलणं अंथरुणात पडल्या पडल्या तासभर उगाळायचं, आणि दर वेळी आपण त्यात आधीपेक्षा जास्त मूर्ख ठरायचं.

अशा वेळी लगेच उपाय सांगायला मी धजावत नाही. वरून सारख्या दिसणाऱ्या या तक्रारीखाली वेगवेगळ्या गोष्टी असतात. एक गृहस्थ गप्पांतून अंग काढून घ्यायचे, कारण त्यांना कमी ऐकू येऊ लागलं होतं आणि ते कबूल करायला संकोच वाटत होता. त्यांना गरज होती कानाच्या तपासणीची. आधी माणसांत रमणारं कुणी अचानक मिटून गेलं असेल, तर मी नैराश्याचा विचार करते. कॉलेजातल्या एका मुलीला भीती फारशी नव्हतीच, पण समोरचा थट्टेत बोलतोय की खरं, हे तिला लहानपणापासून उमगत नसे आणि गोंगाट सहन होत नसे. तिला मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवलं, ऑटिझमचं निदान झालं, आणि इतक्या वर्षांचा गुंता सुटल्यासारखा तिला मोठा दिलासा मिळाला. अशा व्यक्तीला ‘डोळ्यांत डोळे घालून बोल’ असा सराव करायला लावणं म्हणजे तिला दिवसभर सोंग वठवायला लावणं. त्याने माणूस पार थकून जातो. मी ते करत नाही.

निखिलच्या बाबतीत भीती होती. मूळ स्वभाव अबोल, त्यावर शाळेत वर्गासमोर झालेल्या हसण्याची भर. या भीतीला सामाजिक चिंता म्हणतात. तिला स्वतंत्र निदानाचं स्थान 1980 साली मिळालं. ती टिकून कशी राहते याचा उलगडा डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी 1995 मध्ये मांडला, आणि तो मला रोजच्या कामात फार उपयोगी पडतो. घाबरलेल्या माणसाचं सगळं लक्ष स्वतःकडे वळतं: माझा आवाज कापतोय का, चेहरा लाल झालाय का, पुढचं वाक्य काय. समोरच्याकडे लक्षच उरत नाही, मग बोलायला सुचणार कुठून? शिवाय आपण वाचावं म्हणून तो ज्या युक्त्या करतो, म्हणजे खाली बघणं, मोबाइल काढणं, वाक्य मनात घोकणं, त्यांमुळेच तो लोकांना तुटक वाटतो. निखिलला ‘शिष्ट’ ही पदवी अशीच मिळाली होती. हे त्याला कागदावर आकृती काढून दाखवलं, तेव्हा तो बराच वेळ त्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘म्हणजे मी लपतो तेच लोकांना दिसतं.’

पहिला प्रयोग पोह्यांच्या दुकानावर. एकदा नेहमीसारखं जायचं, वाक्य घोकत, खाली बघत. दुसऱ्या दिवशी घोकायचं नाही, मान वर ठेवायची आणि समोर काय दिसतं ते मला येऊन सांगायचं. दुसऱ्या दिवशीचं त्याचं वर्णन ऐकण्यासारखं होतं: वाफेवर ठेवलेली पोह्यांची परात, जिरावण मसाल्याचा डबा, शेजारी जिलेबीसाठी हट्ट करणारं पोर, आणि दुकानदाराच्या हाताला बांधलेली पट्टी. ‘मग मी विचारलं, भिया, हाथ को क्या हुआ? आणि तो सांगतच सुटला.’ हा प्रश्न त्याने घोकला नव्हता. लक्ष बाहेर गेलं आणि विषय समोरच सापडला.

आपल्याकडे सगळे बघताहेत, ही भावनाही तपासून घेतली. 2000 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मी त्याला सांगितला. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असं चित्र असलेला टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवलं. त्यांना वाटलं, जवळजवळ निम्म्या लोकांनी तो पाहिला असणार. प्रत्यक्षात लक्ष गेलं होतं साधारण चौथ्या हिश्शाचं. निखिल आकड्यांचा माणूस, त्याला हे पटलं.

पण खरी अडचण पुढेच होती. सुरुवात जमू लागली, तरी बोलणं संपवता येईना. वरच्या मजल्यावरचे निवृत्त काका जिन्यात भेटले की गुडघेदुखीपासून इंदूरच्या ट्रॅफिकपर्यंत बोलत राहायचे, आणि निखिल एक तर पाऊण तास खांबासारखा उभा राहायचा, नाही तर मध्येच पाठ फिरवून पळायचा. मला वाटतं, ज्यांना हे आपसूक येत नाही त्यांच्याकडे विषयांची टंचाई क्वचितच असते. ते अडतात ते सुरुवातीला आणि शेवटाला, आणि शेवट कसा करायचा हे तर कुणी शिकवतच नाही.

आपण बोलणं एका झटक्यात संपवत नाही. आधी ‘बरं’, ‘चला मग’ अशी खूण करतो, समोरच्याने ती ओळखली की निरोप घेतो. निखिलबरोबर मी हेच बसवलं. काका श्वास घेतील तेव्हा ‘बरं काका’, मग त्यांच्याच बोलण्यातला एक धागा, ‘गुडघ्याला शेक घेत राहा’, आणि शेवटी ‘निघतो, ऑफिसला उशीर होईल’. तिन्ही वाक्यं बोलता बोलता पायरी उतरायला लागायचं. आधी मी काका झाले. मग त्याला काका केलं आणि मी निखिल झाले. काका होऊन तो बोलत राहिला, बोलत राहिला, आणि मध्येच थांबून म्हणाला, ‘मॅडम, कदाचित त्यांनाही थांबता येत नसेल.’ खरंच तसं असू शकतं. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की दोघांनाही हवं तेव्हा संपणारी संभाषणं अगदी विरळा असतात. आपली बाजू समोरच्यापासून प्रत्येक जण लपवत असतो. ‘निघतो’ म्हणणाऱ्याने कधी कधी दोघांची सुटका केलेली असते.

त्याचा एक आक्षेप मला महत्त्वाचा वाटला. ‘हे नाटक नाही का? कुणी कसं काय विचारतं तेव्हा त्याला उत्तर नकोच असतं. मग मी मजेत आहे असं खोटं का सांगू?’ खोटं सांगू नकोस, मी म्हटलं. पण त्या प्रश्नाचं काम माहिती घेणं नाही. तू दिसलास, आपलं बरं चाललंय, एवढंच तो कळवतो. त्याला ‘चाललंय, तुमचं कसं?’ हे पुरेसं आणि प्रामाणिक उत्तर आहे. ठरलेली वाक्यं सगळेच वापरतात. ज्यांना ती नकळत येतात त्यांना ती ठरलेली आहेत हे जाणवत नाही, इतकंच. ‘लग्न कधी?’साठीही त्याने एक वाक्य ठरवलं: ‘ठरलं की कळवतोच, मावशी. तुमच्याकडे सगळे कसे आहेत?’

आईंशी वेगळं बोलले. पाहुण्यांसमोर ‘बोल ना रे’ म्हणायचं नाही, त्याच्या वतीने उत्तर द्यायचं नाही, ‘आमचा हा बोलतच नाही’ अशी ओळख करून द्यायची नाही, आणि घरी परतताना झाल्या प्रसंगाची चिरफाड करायची नाही. त्यांना हे अवघड गेलं. पोटच्या पोराची काळजी होती, आणि गप्प बसायचं म्हणजे त्याला वाऱ्यावर सोडणं असं त्यांना वाटत होतं. पण त्यांनी केलं. रात्रीच्या उगाळण्यासाठी निखिलला वही दिली: जे कानांनी ऐकलं, डोळ्यांनी पाहिलं तेवढंच एकदा लिहायचं; ‘त्यांना काय वाटलं असेल’ हे लिहायचं नाही.

गणेशोत्सवात मी त्याला एक सुचवलं: हातात काम घे. त्याने वर्गणीची पावतीपुस्तकं आणि हिशेब घेतला. काम असलं की उभं कुठे राहायचं हा प्रश्न पडत नाही, लोक आपणहून येतात, आणि पावती फाडून दिली की बोलणं संपतं. त्या वर्षी तो प्रसाद घेऊनच घरी गेला. मोठी लग्नं त्याला आजही आवडत नाहीत. तो तासभर थांबतो, चार जणांना भेटतो, जेवतो आणि निघतो. दुसऱ्या दिवशी त्याला एकांत लागतो, तो घरच्यांनी मान्य केला आहे.

वाचणाऱ्यांपैकी कुणाची भीती सहा महिन्यांहून जास्त टिकली असेल आणि त्यामुळे नोकरी, परीक्षा, डॉक्टरकडे जाणंसुद्धा टळत असेल, तर एकट्याने झुंजत बसू नका. विचार आणि वर्तन दोन्हींवर काम करणारी सीबीटी ही उपचारपद्धती यात चांगली उपयोगी पडते, आणि गरज असेल तर मनोविकारतज्ज्ञ औषधंही देतात. समारंभाला जाण्याआधी धीर यावा म्हणून कुणी दारूचा घोट घेऊ लागलं असेल, तर ते तर नक्की सांगा, लपवू नका. कुठे जायचं कळत नसेल तर सरकारची टेलि-मानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे. ती ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे.

निखिलबरोबर सध्या फोनवर काम चाललं आहे. पक्षकारांना फोन करायची वेळ आली की तो अजूनही ईमेल लिहितो, कारण फोनवर चेहरा दिसत नाही आणि मध्ये पडलेली शांतता नेमकी कशाची हे त्याला कळत नाही. त्यासाठी आम्ही एक वाक्य तयार केलं आहे, ‘तुम्ही बघून सांगा, मी थांबतो.’ पुढच्या आठवड्यात तो ते एका खऱ्या पक्षकारावर वापरून बघणार आहे.